चावायचे फेनिग

बाजारात अपोलोनियाच्या अंड्यांच्या टोपल्यांशेजारी क्रेसेन्झ मुळे विकायला बसायची. पोरगी गरोदर होती, सातवा महिना, आणि त्यातच तिची दाढ ठणकायला लागली. रविवारपासून तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. त्या गुरुवारी ती गालाला फडकं बांधून आली आणि मुळ्यांच्या ढिगामागे बसून अशी काही कण्हायला लागली, की गिऱ्हाईक मुळ्यांकडे तर फिरकेचना, अंड्यांकडे यायलाही बिचकायला लागलं.

अपोलोनियाने तिला दोनदा सांगून पाहिलं, की बाई गं, गांगोल्फ न्हाव्याकडे जा, एका झटक्यात मोकळी होशील. गांगोल्फचं दुकान बाजाराच्या टोकालाच होतं. तो दाढ्या करायचा, जळवा लावायचा, मोडलेली हाडं बसवायचा आणि दात उपटायचा. दारावर पितळेचं तसराळं टांगलेलं होतं आणि खिडकीत उपटलेल्या दातांची एक लांब माळ. ती माळ बघूनच क्रेसेन्झ मागे फिरायची. शिवाय सासूने सांगून ठेवलं होतं, की गरोदर बाईचा दात उपटला तर पोर बोबडं निपजतं.

अपोलोनिया चाळिशी ओलांडलेली विधवा, अंगाने भरलेली, जिभेची सैल आणि मनाची मऊ. नवरा गाडीवान होता. युद्धात सैन्याचा दाणागोटा वाहायला गेला. गाडी परत आली, तो आला नाही. तेव्हापासून ती, तिच्या कोंबड्या आणि हा गुरुवारचा बाजार. तिला पोरीची दया आली, आणि खरं सांगायचं तर अंडी खपत नव्हती म्हणून थोडा वैतागही आला. तिने कमरेच्या पिशवीतून एक फेनिग काढला.

फेनिग म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात हलकं नाणं, तांब्याचं. आमच्या आइखब्रुन गावात तेव्हा बिशपच राजा होता. सकाळी वेदीवर उभा राहणाराही तोच आणि दुपारी कर वसूल करणाराही तोच, त्यामुळे नाणीही त्याच्याच टांकसाळीतली. फेनिगच्या एका अंगाला बिशपमहाराजांच्या घराण्याची ढाल आणि दुसऱ्या अंगाला कडेवर बाळ घेतलेली मरियामाई. अपोलोनियाच्या हातातल्या फेनिगवरची मरियामाई इतक्या हातांतून गेली होती, की तिचं नाक पार झिजून गेलं होतं.

"हे धर," अपोलोनिया म्हणाली, "दुखऱ्या दाढेखाली ठेव आणि तीनदा 'नमो मरिया' म्हण. पण दाबून चाव हं, लाजू नकोस. माझी आजी असंच करायची."

आजी असलं काही करत नव्हती. अपोलोनियाला आठवतं तेव्हापासून आजीच्या तोंडात दातच नव्हते. पण तीनदा 'नमो मरिया' म्हणेपर्यंत तरी पोरीचं तोंड मिटलेलं राहील आणि तेवढ्यात समोरच्या मोलकरणीला डझनभर अंडी देऊन होतील, एवढाच तिचा हिशेब होता.

क्रेसेन्झने डोळे मिटले आणि बुडत्याने काडी धरावी तसा तो फेनिग दाताखाली धरला. पहिली 'नमो मरिया' झाली. दुसरीच्या मध्यावर कट्‌कन आवाज आला. पोरगी ताडकन उठली, वाकली आणि थुंकली. दगडी फरशीवर फेनिग पडला, त्याच्यामागून निम्मी किडलेली दाढ पडली, आणि त्यामागून जे काय पडलं त्याचं वर्णन न केलेलं बरं. क्रेसेन्झने जिभेने सगळीकडे चाचपून पाहिलं.

"थांबलं," ती म्हणाली. आणि ती हसायला लागली, मग रडली, आणि मग शेजारच्या टोपलीतला एक ब्रेत्सेल, म्हणजे पिळाचा खारा पाव, उचलून तिथेच उभ्या उभ्या खाऊन टाकला.

हे सगळं मोलकरणीने पाहिलं, कुंभाराच्या बायकोने पाहिलं, खेड्यातून आलेल्या दोन शेतकऱ्यांनी पाहिलं. त्यांच्यापैकी कुणीतरी विचारलं, की मावशी, तुमचं नाव काय म्हणालात? अपोलोनियाने नाव सांगितलं आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. कारण संत अपोलोनिया ही दातांची संत. आमच्याकडच्या प्रत्येक देवळातल्या चित्रात ती हातात चिमटा आणि चिमट्यात दात घेऊन उभी असते. अपोलोनिया नावाची बाई, मरियामाईचं नाणं आणि डोळ्यांदेखत पडलेली दाढ. माणसाला आणखी काय लागतं?

पुढच्या गुरुवारपर्यंत सगळं गाव फेनिग चावत होतं. ज्यांची दुखणी आपोआप थांबायची होती ती थांबली, आणि ती माणसं ते सगळ्यांना सांगत सुटली. ज्यांची थांबली नाहीत ती गप्प राहिली, कारण 'नमो मरिया' म्हणताना आपलंच लक्ष दुसरीकडे होतं असं त्यांना वाटलं. मग गोष्ट दातांवर थांबली नाही. कुंभाराच्या बायकोने लोण्याच्या घुसळणीत फेनिग टाकला आणि लोणी लवकर आलं. कुणी घोड्याच्या पोटशुळावर फेनिग बांधला, कुणी पाळण्यात उशाशी ठेवला, कुणी खुडुक कोंबडीखाली. ज्याला काहीच होत नव्हतं त्यानेही चार फेनिग गादीत शिवून ठेवले. दुखणं काय सांगून येतं?

अपोलोनियाला पहिले काही दिवस गंमत वाटली. लोक रस्त्यात टोपी काढायला लागले होते. बेकरीवाल्याने तिला ताजा पाव फुकट दिला आणि जाता जाता, सहज म्हणून, आपली हिरडी दाखवली.

पण गंमत बाजारात येऊन अडली. अंडं एका फेनिगला एक होतं, आणि फेनिग कुणाकडे नव्हता. म्हणजे होता, पण गादीत होता. लोक चांदीचा क्रॉयत्सर घेऊन यायचे. एका क्रॉयत्सरला चार फेनिग. तेव्हा चार अंडी तरी घ्या, नाहीतर सुटे नाहीत. म्हाताऱ्या एकट्या बायांना एकच अंडं हवं असायचं. त्या टोपलीकडे बघायच्या, एक उसासा टाकायच्या आणि निघून जायच्या. मुळ्यांचं तेच, ब्रेत्सेलचं तेच. बियरवाला अर्धा पेला मागणाऱ्याला म्हणायचा, की प्यायचा तर दोन पूर्ण प्या. त्याच्या गिऱ्हाइकांची तेवढी काही तक्रार नव्हती. देवळातल्या दानपेटीत बटणं पडायला लागली. अपोलोनिया संध्याकाळी भरल्या टोपल्या घेऊन घरी यायची आणि रोज अंड्याची पोळी खायची. तिला अंड्यांचा वीट आला.

अशाच एका गुरुवारी दुकानाच्या पायऱ्या उतरून गांगोल्फ न्हावी तिच्यासमोर येऊन उभा राहिला. माणूस उंच, काटकुळा, बायको वारून बरीच वर्षं झालेली. बोलायला कमी आणि बोललाच तर कडू. बाजारात दोघं एवढी वर्षं समोरासमोर होती, पण अंडी देण्याघेण्यापलीकडे त्यांचं बोलणं नव्हतं.

त्याने आधी आपल्या धंद्याचं सांगितलं. दात उपटायला कुणी येत नाही. दाढीला येतात ते पैशांऐवजी मुळे देतात. घरात आता इतके मुळे झालेत की दारातून आत जाता येत नाही. अपोलोनियाला हसू येत होतं, तिने ते कसंबसं दाबलं. मग तो मुद्द्यावर आला.

"पांक्राझला ओळखता ना? जोडे शिवतो तो," गांगोल्फ म्हणाला. "दोन आठवडे फेनिग चावत बसला होता. काल त्याला माझ्याकडे उचलून आणला. जबडा भोपळ्याएवढा, अंगात आगीसारखा ताप. मी चिरा दिला, दाढ काढली. वाचेल बहुतेक. एक दिवस उशीर झाला असता तर वाचला नसता. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगायला आलो."

अपोलोनियाचं हसू गेलं. पांक्राझने तिचे जोडे शिवले होते. त्याला तीन मुलं होती. तिने हातातलं अंडं टोपलीत ठेवलं आणि गांगोल्फला सगळं खरं सांगून टाकलं: आजीचं, मोलकरणीच्या डझनभर अंड्यांचं, सगळं. तिला वाटलं तो आता चारचौघांत तिची शोभा करील. पण तो एवढंच म्हणाला, की हे मला सांगून काय उपयोग, हे त्यांना सांगा.

तिने सांगितलं. ती त्याच दिवशी कारंज्याच्या कट्ट्यावर चढली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की लोकहो, फेनिगमध्ये काही नाही, आजीची गोष्ट मी मनाने रचली, दात दुखला तर मुकाट्याने न्हाव्याकडे जा. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कुंभाराची बायको शेजारणीला म्हणाली, की बघा, खरी साधी माणसं अशीच असतात, मोठेपणा घेत नाहीत. एका शेतकऱ्याचं मत पडलं, की न्हाव्याने तिला फितवलंय. दोघं मघाशी कुजबुजत होती, ते त्याने स्वतः पाहिलं होतं. आणि बियरवाला म्हणाला, की तसं काही नाही, तिला सगळे फेनिग स्वतःलाच हवेत. संध्याकाळपर्यंत जे काही थोडे फेनिग फिरत होते तेही गाद्यांमध्ये गेले.

मग ती फादर वुनिबाल्ड यांच्याकडे गेली. फादर गोल, प्रेमळ आणि भांडणाला घाबरणारे. त्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळावरचा घाम पुसला. त्यांची अडचण त्यांनी मोकळेपणाने सांगितली. मरियामाईच्या नाण्यात काही नाही असं मी वेदीवरून सांगितलं, तर लोक विचारतील, मग मरियामाईच्या देवळात विकायला ठेवलेल्या बिल्ल्यांत तरी काय आहे? आणि नाणं बिशपमहाराजांचं. म्हणजे एका वाक्यात मी मरियामाईलाही दुखावणार आणि महाराजांनाही. त्यापेक्षा मी लोभावर प्रवचन करतो. बोलता बोलता त्यांनी कंबर चोळली, झग्याच्या खिशात हात घातला आणि काहीतरी घट्ट धरलं. अपोलोनियाने ते काय आहे ते विचारलं नाही.

लोभावरचं प्रवचन छान झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाला ते शेजाऱ्याबद्दल वाटलं.

आणि मग दरबारातून माणूस आला. खजिन्याचे कारभारी लांपर्ट त्सिंडल, डोक्यावर पावडर लावलेला केसांचा टोप, अंगात हिरवा कोट, दोन घोड्यांची गाडी. गाडी अपोलोनियाच्या दारात उभी राहिली तेव्हा ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिच्या हातातलं सूप खाली पडलं. नाण्याबद्दल अफवा पसरवली म्हणून आता आपल्याला बेड्या पडणार, अशी तिची खात्रीच झाली.

पण त्सिंडल हसत हसत आत आले आणि बाकावर ऐसपैस बसले. त्यांनी तिला बसायला सांगितलं, तिच्याच घरात. म्हणाले, की बाई, तुम्ही खजिन्यावर किती मोठे उपकार केलेत ते तुम्हाला माहीत नाही. एक फेनिग पाडायला जेवढा खर्च येतो त्याच्या दुपटीला तो खपतो. एरवी लोक तेच फेनिग कर म्हणून परत आणतात आणि आमच्या गळ्यात मारतात. आता मात्र गेला फेनिग तो गेला, तांबं गादीत आणि चांदी आमच्याकडे. टांकसाळ रात्रंदिवस चालू आहे. पोती येतात आणि संपतात. शेजारच्या बिशपच्या राज्यातूनही लोक चांदी घेऊन फेनिग न्यायला येतात. महाराज फार खूश आहेत.

अपोलोनियाने धीर करून पांक्राझची गोष्ट सांगितली, एकट्या म्हाताऱ्यांची सांगितली, आणि म्हणाली, की साहेब, हे सगळं खोटं आहे.

त्सिंडल यांचं हसू जिथल्या तिथे राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं.

"तुम्ही बाजारात कट्ट्यावर चढून काय बोललात ते आमच्या कानावर आलंय," ते म्हणाले. "पुन्हा तसं बोलायचं नाही. मरियामाईच्या आणि महाराजांच्या नाण्यात काही नाही, असं म्हणणाऱ्याला आमच्याकडे तुरुंग आहे. बाकी तुम्हाला काय बोलायचं ते बोला. समजलं ना, बाई?"

जाताना त्यांनी सहा अंडी घेतली. सुटे नाहीत म्हणाले.

त्या दुपारी अपोलोनिया टोपली घेऊन पांक्राझकडे गेली. त्याचा जबडा बांधलेला होता, पण ताप उतरला होता. त्याला अजून आठवडाभर बोलता येणार नव्हतं, आणि त्याची बायको म्हणाली, की तेवढी एक सोय झाली. गांगोल्फ पट्टी बदलायला आलेला होता. दोघं बरोबरच बाहेर पडली. उन्हाळ्याचे दिवस, गवत कापणी नुकतीच झालेली, रस्ताभर वाळत्या गवताचा वास. तिने त्याला त्सिंडल यांचं सगळं सांगितलं. खरं सांगितलं तर लोक ऐकत नाहीत, आणि आता तर सांगायचीही बंदी.

गांगोल्फ म्हणाला, "तुम्ही चुकलात कुठे सांगू? तुम्ही कट्ट्यावर चढून सांगितलंत. जे सगळ्यांना सांगतात त्यावर कोण विश्वास ठेवतं? पहिल्यांदा तुम्ही एकाच बाईच्या कानात बोलला होतात."

"पण आता कानात काय सांगू? खोटं आहे म्हणायचं नाही ना."

"मग ते म्हणू नका. वेगळं काहीतरी म्हणा. तुम्हाला सुचतं तसलं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

हा टोमणा होता हे तिला कळलं, पण त्यात पहिल्यासारखा कडूपणा नव्हता हेही कळलं. घरी येऊन तिने न खपलेली अंडी निवडायला घेतली. एक पाण्यात टाकलं तर वर तरंगलं, म्हणजे नासलेलं. दुसरं तसंच. साठवून ठेवलं की अंडं नासतं. तिचा हात थांबला. आठवडाभरावर मरियाभेटीचा सण होता. मरियामाई डोंगर ओलांडून आपल्या नात्यातल्या गरोदर एलिझाबेथला भेटायला गेली, त्याचा हा सण. त्या दिवशी आमच्याकडे बाया एकमेकींच्या घरी जातात. अपोलोनिया तिथेच पाटावर बसून स्वतःशी हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती क्रेसेन्झकडे गेली. दार लावून घेतलं. कुणाला सांगणार नाहीस ना, असं तीनदा विचारलं, आणि क्रेसेन्झने तीनदा शपथ घेतली. मग ती म्हणाली, की पोरी, मी एक गोष्ट लपवून ठेवली होती, ती आता तुझ्या पोटातल्या बाळाची काळजी म्हणून सांगते. फेनिगवरची मरियामाई ही चालणारी मरियामाई आहे. ती घराघरात भेटीला जाते, दुखणं उचलते आणि पुढे नेते. तिला कोंडून ठेवली की तिने उचललेली सगळी दुखणी त्या घरातच पुन्हा बाहेर पडतात, आणि तीही दुप्पट होऊन. म्हणून हाती आलेला फेनिग दर रविवारी प्रार्थनेच्या आत हातावेगळा व्हायलाच हवा. नुसता कुणाला देऊनही चालत नाही, त्याच्या बदल्यात काहीतरी घ्यायचं, म्हणजे भेट पुरी होते.

"आणि दाढेचं काय?" क्रेसेन्झने विचारलं. ती पांढरीफटक पडली होती. तिच्या गादीत नऊ फेनिग होते.

याचा विचार अपोलोनियाने केलेलाच नव्हता. "दाढेचा फेनिग न्हाव्याच्याच हातात द्यायचा," ती म्हणाली. "आधी तो चावायचा, मग त्याला द्यायचा, आणि मग दाढ. तो पुरुष आहे, त्याला दुखणी चालतात."

अपोलोनिया कोपऱ्यावरच्या हौदापर्यंत पोहोचायच्या आत क्रेसेन्झ शेजारच्या घरात शिरली होती. दुपारी ती बातमी नदीपलीकडे गेली. शनिवारी सकाळी बाजाराचा दिवस नसतानाही चौकात माणसं जमायला लागली. सगळ्यांच्या हातांना कात्र्यांनी उसवलेल्या गाद्यांचा कापूस आणि पिसं चिकटलेली, आणि मुठीत फेनिग.

तसा शनिवार आइखब्रुनने कधी पाहिला नव्हता. लोक एक अंडं घ्यायचे, एक फेनिग द्यायचे, मागे वळायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. म्हाताऱ्या बायांना सगळ्यांनी पुढे जागा दिली, कारण त्या एकच अंडं घेऊन घरी जायच्या आणि मागच्यांसाठी टोपलीत अंडी उरायची. ब्रेत्सेल संपले, मुळे संपले, गांगोल्फच्या घरातले मुळेही संपले. बियरवाल्याकडे अर्ध्या पेल्यांची गर्दी. पण विकणाऱ्याचीही पंचाईत, कारण आलेले फेनिग त्यालाही रविवारच्या आत खपवायचेच होते. मग बेकरीवाल्याने अंडी घेतली, अंडीवालीने बियर घेतली, बियरवाल्याने बायकोला रिबन घेतली, लग्नानंतर पहिल्यांदाच. त्या बाईने ती रिबन कितीतरी वेळ हातात धरून नुसती पाहिली आणि मग नवऱ्याला विचारलं, की तुम्हाला बरं वाटतंय ना?

गांगोल्फच्या दुकानापुढे गाल धरलेल्या माणसांची रांग लागली. लोक चावायचे, द्यायचे आणि तोंड उघडायचे. आपलं दुखणं आता न्हाव्याच्या मुठीत गेलंय या भरवशावर ते ओरडायचे सुद्धा कमी. संध्याकाळी त्याचे हात दुखायला लागले, आणि लोकांनी एकमेकांना सांगितलं, बघा, गेलं त्याच्यात.

रविवारी सकाळी जे उरले होते ते सगळे आशीर्वादाच्या बदल्यात दानपेटीत पडले. पेटी उचलायला दोन माणसं लागली. फादर वुनिबाल्ड यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोभावरचं प्रवचन इतकं लागू पडेल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं. पुढे ते बरीच वर्षं तरुण पाद्र्यांना ते प्रवचन वाचून दाखवत असत.

त्सिंडल साहेबांची गाडी पुन्हा दारात आली ती कर भरायचा दिवस उलटल्यावर. या वेळी ते बसले नाहीत. सगळ्या परगण्याने कर तांब्यात भरला होता. गाड्याच्या गाड्या फेनिग, एका गाडीचा तर कणाच मोडला, आणि कोषागारातले कारकून मोजून मोजून काळ्या बोटांनी रडकुंडीला आले होते. ही चालणारी मरियामाई कुणाची कल्पना, असं त्यांनी विचारलं.

अपोलोनियाने कमरेच्या पुढच्या फडक्यात हात गुंडाळले आणि नम्रपणे सांगितलं, की साहेब, नाण्यात काही नाही असं बोलायचं नाही, बाकी काय बोलायचं ते बोला, असं आपणच म्हणाला होतात. मी तर उलट म्हणाले, की त्यात फार आहे.

त्सिंडल काही मूर्ख गृहस्थ नव्हते. बाजाराच्या जकातीचे आकडे त्यांनी पाहिले होते. ती त्या महिन्यात दुपटीवर गेली होती. महिन्याभराने दरबाराने दवंडी पिटवली, की कराच्या रकमेत तांबं ठरावीक हिश्शापेक्षा जास्त घेतलं जाणार नाही, आणि त्यावर सगळं मिटलं. पण त्या दिवशी जाताना त्यांनी पुन्हा सहा अंडी मागितली. अपोलोनियाने आधी हात पुढे केला. त्सिंडल यांनी खिसे चाचपले आणि सहा फेनिग मोजून दिले, थोडे घाईघाईनेच, कारण तो शनिवार होता.

भादव्यातल्यासारखी ऊन-पावसाची झिम्मड चालू असताना क्रेसेन्झला मुलगी झाली. ठणठणीत पोर, आवाज असा की पलीकडच्या काठावरची बदकं उडाली. बोबडं काही निपजलं नाही, हे सासूनेही मान्य केलं.

आणि गांगोल्फ. त्याने एक रीत पाडली होती. दर शनिवारी दुपारी दुकान बंद करून तो आठवड्याचे फेनिग पिशवीत घालून अपोलोनियाच्या घरी यायचा आणि अंडी मागायचा. पहिल्यांदा सहा, मग डझन, मग दोन डझन. एकटा माणूस इतक्या अंड्यांचं करतो काय, असा तिला प्रश्न पडायचा. एका शनिवारी ती पिठाचे गोळे घालून सूप करत होती. त्याला तिने बसायला सांगितलं, वाढलं, आणि तो दुसऱ्यांदा घेत असताना म्हणाली, "मास्तर, ती रविवारची गोष्ट मी रचलीय हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. मग तुम्ही कशाला दर शनिवारी पैसे घालवता?"

गांगोल्फने चमचा खाली ठेवला.

"अंडी मला आवडत नाहीत," तो म्हणाला. "लहानपणापासून. पण इथे यायला दुसरं निमित्त काय होतं?"

अपोलोनियाने चुलीकडे तोंड फिरवलं आणि बराच वेळ सूप ढवळलं. ते ढवळायची काही गरज नव्हती. मग तिने पाठमोरीच विचारलं, की इतकी अंडी गेली कुठे? तर ती पांक्राझच्या घरी जात होती, जबडा बरा होईपर्यंत त्याला कच्ची अंडीच गिळता येत होती, आणि नंतर त्याच्या मुलांना सवय लागली.

"मग आता अंड्यांचे पैसे द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "आणि जेवायला डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी करत जाईन."

द्राक्षांची तोडणी संपल्यावर त्यांचं लग्न झालं. फादर वुनिबाल्ड यांनी लावलं आणि सुदैवाने प्रवचन थोडक्यात आटोपलं. गांगोल्फने आपलं सामान हातगाडीवर घालून तिच्या घरी आणलं, तसराळं, चिमटे, जळवांची बरणी, सगळं. दातांची माळ तेवढी तिने दाराबाहेरच थांबवली. त्याने ती मुकाट्याने परत नेऊन दुकानात टांगली. मग कळलं की गडी कोंबड्यांना भितो. अंगणातून जाताना तो काठी हातात धरायचा आणि भिंतीला चिकटून चालायचा, आणि कोंबड्या नेमक्या त्याच्याच मागे लागायच्या. अपोलोनिया दारात उभी राहून बघायची. तिला हसू आवरायचं नाही, आणि आता ते दाबायचं काही कारणही नव्हतं.